फोन कुणी केला, हे पोरांना कळतं कसं?

बुलेटचे फटाके, रात्री बारापर्यंत डीजे, शाळेमागच्या मोकळ्या प्लॉटवर रोजची 'बैठक', बोळात आडव्या लावलेल्या गाड्या. आपल्या गावात कुठल्याही गल्लीत विचारा, हीच चार गाऱ्हाणी ऐकू येतील. खून-दरोड्याची बातमी वर्षात एखादी. हे मात्र रोजचं.

"मग तक्रार का करत नाही?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "दादा, सकाळी त्यांचंच तोंड बघायचंय."

ही भीती उगाच नाही. 112 ला फोन केला की गाडी येते, आवाज बंद होतो, हे खरं. पण कधी ती गाडी तक्रार करणाऱ्याच्याच दारात उभी राहते, कधी "अमक्यांचा फोन होता" असं सहज बोललं जातं. दुसऱ्या दिवशी स्कूटीची हवा गेलेली असते. पुढच्या वेळी तो माणूस फोन करत नाही, खिडकी लावून घेतो. आणि ठाण्यात नोंद होते : परिसर शांत.

कायदा कमी नाही. सरकारने जाहीर केलेले सणांचे मोजके दिवस सोडले तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालचा. निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर पालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या भोंग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना स्पष्ट सांगितलंय : तक्रारदार कोण, याची खातरजमा करत बसू नका आणि ओळख कळलीच तर समोरच्याला सांगू नका.

पोलिसांची अडचणही मला दिसते. बीट अंमलदार एक, त्याच्या मागे यात्रा, दौरे, निवडणुका, कोर्टाचे समन्स. पोरांना ठाण्यात आणलं की पाच मिनिटांत कुणातरी 'भाऊं'चा फोन. पण नाव गुप्त ठेवायला जादा मनुष्यबळ लागत नाही.

आपल्याकडे शांतता समितीची बैठक होते ती गणपती नाहीतर ईद तोंडावर आली की. पुढारी, मंडळांचे अध्यक्ष, आम्ही पत्रकार. चहा, फोटो, संपलं. ज्याची झोप उडते तो तिथे नसतोच. भिवंडीत 1988 मध्ये सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या, त्यात साधी माणसं आणि पोलिस नेहमी भेटायचे. 1992-93 ला मुंबई पेटली, तेव्हा आधी दंगली पाहिलेली भिवंडी शांत राहिली. एवढ्या मोठ्या गोष्टीत जे जमलं ते डीजेच्या बाबतीत जमणार नाही?

माझ्या तीन मागण्या :
1. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, प्रत्येक वॉर्डात बीट अंमलदाराची बैठक. बायका आणि म्हातारी माणसं येऊ शकतील अशा वेळी.
2. तक्रारदाराच्या दारात गाडी थांबवायची नाही, नाव फोडायचं नाही. फोडलं तर चौकशी.
3. मागच्या तक्रारींचं काय झालं, ते पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं.

सोमवारी हे निवेदन ठाण्यात देतोय. सहीची भीती वाटत असेल तर सही करू नका. फक्त गल्ली, त्रास काय आणि किती वाजता, एवढं मला मेसेज करा. नावं माझ्याजवळच राहतील.