वानवळ्याला वजनकाटा नको



ऊस हे आपले हुकमी पीक. त्याच्या जोरावर मुलांची शिक्षणे झाली, पाइपलाइनी झाल्या, पत्रे जाऊन स्लॅब पडले. हे कोण नाकारील? पण आठवडी बाजारात जरा उभे राहून बघा. कोथिंबिरीची जुडी अन् पावशेर मिरची पिशवीत टाकणाऱ्यांत आपले ऊसवालेही दिसतील. शिवार बारमाही हिरवे आणि चुलीवरची भाजी मात्र विकतची, हे काही बरे लक्षण नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऊस मोडा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही बोलतो आहोत ते घरामागच्या परसाबद्दल. मोरीच्या पाण्यावर अळू नि केळ, कुंपणावर दोडका, मांडवावर घेवडा, कोपऱ्यात शेवगा. आडसालीची नवी लागण उघडी असायची तोवर घरच्या बायका वरंब्यावर मेथी-कोथिंबीर काढायच्या. पुढे तणनाशक आले. टू-फोर-डी उसाला सोसते, कारण ऊस गवताच्या जातीचा. रुंद पानाच्या वेलाला ते सोसत नाही. वाऱ्याने फवारा उडाला तरी दोडक्याची पाने आखडतात. तेव्हा फवारणीआधी वाऱ्याची दिशा बघणे हाही शेजारधर्मच समजावा.

आता मुद्द्याची गोष्ट. वेल धरला की एकदम धरतो. घरात खाऊन सरत नाही, बाजारात न्यावा इतका माल होत नाही आणि चार दिवस ठेवला तर जून होतो. अशा मालाला एकच वाट, ती म्हणजे शेजारचे घर. आपल्याकडे त्याला वानवळा म्हणतात. आज आपला दोडका तिकडे गेला, आठ दिवसांनी त्यांची काकडी इकडे आली. आलेले भांडे रिकामे परत धाडू नये ही रीत म्हणजे देवघेवीचा कायदाच, फक्त तो कुठे लिहिलेला नाही.

काही सभासद म्हणतील, "दहा-वीस रुपयांच्या भाजीसाठी एवढा खटाटोप कशाला?" हिशेब नुसत्या रुपयांचा नाही. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले. तेव्हा ज्यांच्या परसात चार वेल होते त्यांचे कालवण अडले नाही, आणि ज्यांचे शेजारपण शाबूत होते त्यांचेही अडले नाही. उसाचे बिल हातात पडायला वेळ लागतो. परसातले फळ रोज हाताला येते, अन् ते बहुधा घरच्या बाईच्या हाताला येते. कुणाला काय द्यायचे हे तीच ठरवते. हा तिचा मान आपण बाजारच्या पिशवीत घालवून बसू नये.

मात्र जुन्या वानवळ्याची थोरवी गाताना त्याचे उणेही सांगितले पाहिजे. तो भावकीत फिरायचा, फार तर आपल्या आळीत. वेशीबाहेरच्या घरी तो क्वचितच गेला. आणि आज? गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवाराकडेला खोप्या घालून राहतात. त्यांना ना परस, ना कुंपण. तोडीच्या घाईत बाजारालाही सवड नाही. आपल्या वानवळ्यातला वाटा त्यांच्या खोपीपर्यंत गेला नाही, तर ती नुसती नातेवाइकांची देवघेव झाली. त्याला सहकार म्हणता येणार नाही.

करायचे काय? पहिले, मृगाआधी आळीतल्या बायकांनी एकदा बसून कुणी काय लावायचे ते ठरवावे. सगळ्यांनीच दोडका लावला तर अदलाबदल कशाची करणार? एकीने कारले, दुसरीने पडवळ, तिसरीने वाल धरावा. दुसरे, पहिली दोन चांगली फळे वेलावरच पिकू द्यावीत, बी वाळवून राखेत ठेवावे आणि भाजीबरोबर बीही द्यावे. संकरित बियाण्याचे पुढच्या वर्षी खात्रीचे पीक येत नाही, म्हणून बी गावरान वाणाचेच धरावे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे असेच जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी देण्याघेण्याला कायद्याचीही आडकाठी नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, वाटण्याचा व बदलून घेण्याचा हक्क दिला आहे. फक्त छापाच्या पिशवीत भरून ते विकता येत नाही.

तिसरे, यासाठी कमिटी नको, चेअरमन नको, ठराव तर नकोच. काट्यावर उसाचे वजन पावशेराने चुकले तरी आपण भांडावे, तो आपला हक्क आहे. वानवळ्यात मात्र कुणी किती दिले याची नोंद ठेवू नये. नोंद आली की उसनवारी आली, आणि उसनवारी आली की ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो आधी बाहेर पडतो.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, तो एकट्याला न पेलणारे काम दहाजणांनी मिळून उचलावे म्हणून. कारखान्याला भागभांडवल लागले. परसाला मूठभर बी आणि मोरीचे पाणी पुरे. येत्या मृगावर प्रत्येक सभासदाच्या घरी निदान चार वेल चढावेत, आणि त्यातल्या एकाचे फळ उंबऱ्याबाहेर जावे, एवढीच आमची मागणी आहे.