डोंगर तोडू नका, वाट सांगा : एका चळवळीचा जाहीरनामा

आम्ही व्हीलचेअरवर बसणारे, कुबड्यांवर चालणारे, कॅलिपर किंवा जयपूर फूट लावणारे, पक्षाघातानंतर एक पाय ओढत चालणारे, दोन्ही गुडघे बदलून घेतलेले. आणि आमच्याबरोबर वाट तुडवणारे मित्र, भावंडं, ट्रेक लीडर. आम्ही सगळे मिळून जाहीर करतो की सह्याद्री आमचाही आहे. घाटातल्या वळणावर गाडी थांबवून, काच खाली करून तो पुरेसा पाहून झाला. आता आम्हाला त्यात शिरायचं आहे, भिजायचं आहे, दमायचं आहे आणि जिथून पुढे जाता येणार नाही तिथून मागे फिरायचं आहे.

मागे फिरणं आम्ही मुद्दाम लिहिलं आहे. हवामान बिघडलं म्हणून शिखर समोर दिसत असताना परतलेल्या गिर्यारोहकाच्या शहाणपणाचं आपण कौतुक करतो. आमच्या बाबतीत हा निर्णय पायथ्यालाच होतो आणि तो घेतं दुसरंच कुणीतरी. ‘तुम्हाला नाही जमायचं, उगाच कशाला त्रास,’ असं तिकीट खिडकीवरचे भाऊ, टपरीवाले काका आणि ग्रुपचे आयोजक फार मायेनं सांगतात. या मायेचा आम्हाला कंटाळा आला आहे. कुठून परतायचं ते आमचं आम्ही ठरवू.

चळवळीला अजून नाव नाही. नावावरून तट पडण्याआधी काम सुरू करावं, एवढ्यावर एकमत झालं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कायदा आमच्याच बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. मनोरंजन आणि क्रीडा यांत सहभागी होण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. सुगमतेचे किमान निकष नुसते शिफारशीपुरते ठेवून चालणार नाही, ते बंधनकारकच असले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात बजावलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यातले अकरा आपल्या राज्यात आहेत. या दोन आकड्यांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

आता आमच्याच हितचिंतकांशी असलेला वाद. आम्हाला गडावर सिमेंटचे रस्ते नकोत. बुरुज फोडून काढलेला रॅम्प नको. कुठे नवा रोपवे निघाला की पुष्कळदा दिव्यांगांची आणि ज्येष्ठांची सोय हे कारण पुढे केलं जातं. आमच्या नावावर तो मागू नका. जिथे आहे तिथे मात्र काम पुरं करा. रायगडाचा रोपवे १९९६ पासून चालू आहे. पाळणा काही मिनिटांत वर नेतो, पण वरच्या थांब्यापुढे पुन्हा पायऱ्या आहेतच. सप्तशृंग गडावर २०१८ मध्ये रुळांवरून चढणारी ट्रॉली आली, म्हणजे देवदर्शनाची सोय करायची ठरली की पैसा आणि अभियंते दोन्ही सापडतात. आम्ही त्याहून फार स्वस्त गोष्ट मागतो आहोत.

ती म्हणजे माहिती.

ट्रेकच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘काठिण्य : मध्यम.’ कुणासाठी मध्यम? राजगडाचंच बघा. पालीकडून येणारी वाट राजमार्गाची, रुंद पायऱ्यांची. गुंजवण्याहून चोर दरवाज्यानं चढणारी वाट शेवटी अंगावर येते, तिथे कातळ आहे आणि आधाराला लोखंडी रेलिंग. धडधाकट माणूस डोळे मिटून पाली सुचवेल. पण एका पायात जोर नसलेल्या आणि वर्षानुवर्षं कुबड्या वापरून खांदे पोलादी झालेल्या माणसाला रेलिंग नसलेल्या रुंद पायरीपेक्षा हाताला पकड देणारा उभा टप्पा सोपा जाऊ शकतो. १९८९ मध्ये मार्क वेलमन या कमरेखाली अधू असलेल्या अमेरिकी गिर्यारोहकानं योसेमिटीमधली एल कॅपिटानची कातळभिंत चढून दाखवली. साथीदारानं पुढे जाऊन बांधलेल्या दोरावर त्यानं हजारो वेळा स्वतःला फक्त हातांनी वर ओढलं. शरीर कुठे कमी पडतं आणि कुठे वरचढ ठरतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. आम्हाला सोपं-अवघड सांगू नका, मोजमाप सांगा. जीप कुठवर येते, पायरी किती उंच आहे, दरवाज्याची रुंदी किती, वाट मुरमाची की घसाऱ्याची, दृष्टीभय कुठे आहे, बसायला पहिला कट्टा किती चालल्यावर लागतो, पावसात तिथे शेवाळ धरतं का.

आणि संडास आहे का? असला तर त्याचं दार व्हीलचेअरएवढं रुंद आहे का, आत कमोड आहे का, पकडायला दांडा आहे का? हा प्रश्न पुरुषांच्या बैठकीत शेवटी येतो, बायकांच्या बैठकीत पहिला. आमच्यातल्या कितीतरी जणी सहलीच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. डोंगरात उपाशी राहिलेलं चालतं, तहानलेलं चालत नाही. गडांवर बाकी काहीही होवो न होवो, पायथ्याच्या प्रत्येक वाहनतळावर एक सुगम स्वच्छतागृह ही आमची पहिली मागणी आहे. तिथे पुरातत्त्व खात्याची अडचण येत नाही, वारशाला धक्का लागत नाही, आणि म्हाताऱ्या आजीपासून तान्ह्या बाळाच्या आईपर्यंत सगळ्यांचं भलं होतं.

दुसरं मागणं ट्रेक लीडरांकडे. दोर, हार्नेस, प्रथमोपचार हे तुम्हाला येतंच. आमच्या शरीरांबद्दल थोडं शिकून घ्या. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली चटका कळत नाही. एप्रिलमधल्या तापलेल्या कातळावर बसवलंत तर मांडी भाजेल आणि तो हसत गप्पा मारत राहील. त्याला खाली घाम नीट येत नाही, म्हणून ऊन लवकर लागतं. बसायला गादी हवी, आणि थोड्या थोड्या वेळानं अंग उचलून जागा बदलायला थांबावं लागतं. उचलायची वेळ आली तर काखेत हात घालून ओढू नका. आधी विचारा, कुठे धरायचं ते आम्ही सांगू.

उचलून नेण्यावरून आमच्यातच मतभेद आहेत, ते झाकत नाही. रस्ता नसलेल्या वाड्यांवरून आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणणं सह्याद्रीला नवीन नाही. घारापुरीला लेणी बघायला डोलीची खुर्ची मिळते. काहींना हे चालतं, काहींना दुसऱ्याच्या खांद्यावर बसून निसर्ग पाहणं नको वाटतं. माथेरानच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, तो आम्हाला पटला, कारण एका माणसानं दुसऱ्याला धापा टाकत ओढावं यावर आमची सोय उभी राहू नये. मग डोलीचं काय? सध्या एवढंच ठरलं आहे की गावातल्या चार-सहा जणांना रीतसर प्रशिक्षण आणि ठरलेली मजुरी मिळावी, पाळीपाळीनं काम व्हावं आणि वर बसणाऱ्यानं स्वतः मागितलेलं असावं. पुढचा वाद चालू राहील.

डोलीपेक्षा बरा एक उपाय फ्रान्समध्ये सापडला. तिथल्या जोएल क्लोदेल या डोंगरवाटाड्यानं १९८७ मध्ये स्नायूंच्या आजारानं चालता न येणाऱ्या पुतण्यासाठी एका चाकाची खुर्ची बनवली. एकानं पुढून दांडे धरून ओढायचं, दुसऱ्यानं मागून तोल सांभाळायचा. चाक एकच असल्यामुळे ती अरुंद पायवाटेवरून जाते, आणि आपल्या डोंगरातल्या ढोरवाटा अरुंदच असतात. लोखंडी पाइप, मोटरसायकलचा शॉकअप आणि ब्रेक हे साहित्य तालुक्याच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे असतं. पहिला नमुना बनवायला हात आणि डोकं देणारे कारागीर आम्हाला हवे आहेत.

जिथे डोंगरच सपाट आहे तिथे तर कुणाला सबब उरत नाही. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे, रस्ता त्याच्या अंगाला लागून जातो, आणि फुलं जमिनीलगत असतात, म्हणजे व्हीलचेअरवरून ती उभ्या माणसापेक्षा जवळून दिसतात. कातळाला इजा न करता ठरावीक टप्प्यात लाकडी पट्टी अंथरता येईल. पन्हाळ्यावर गाडी थेट आत जाते. सुरुवात तिथूनही होऊ शकते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये समुद्रापर्यंत २६३ मीटरचा लाकडी मार्ग झाला. काही दिवसांतच मँदूस चक्रीवादळानं तो मोडला, तर दुरुस्त करून जानेवारीत पुन्हा खुला केला. एवढा लांब किनारा असलेल्या महाराष्ट्राला हे का जमू नये?

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, एका रंगाचे टी-शर्ट घालून आम्हाला बसनं कुठेतरी नेतात, फलकामागे उभं करतात, नाश्ता देतात. नेणाऱ्यांचे आभार. पण वर्षातून एकदा कुणाच्या तरी पुण्यासाठी डोंगरात जाणं यापुढे आम्ही नाकारू. अरुणिमा सिन्हानं २१ मे २०१३ रोजी कृत्रिम पायानं एव्हरेस्ट गाठलं, तिच्याबद्दल आम्हाला अपार आदर आहे. मात्र रविवारी लोहगडावर जायला आमच्याकडून एव्हरेस्टएवढी जिद्द मागू नका. इतरांना जेवढी लागते तेवढीच पुरावी. आळशी, रडके, अर्ध्या वाटेत भजी खाऊन परतणारे लोकही आमच्यात आहेत आणि गडावर त्यांचाही हक्क आहे.

धोक्याचं काय, हा प्रश्न येणार. धोका आहे. आम्ही तो समजून घेऊन, लिहून देऊन पत्करू. बेफिकिरी करणार नाही, सोबतच्यांचा जीव टांगणीला लावणार नाही. पण प्रकृती न विचारता, वाट न पाहता सरसकट ‘दिव्यांगांना घेत नाही’ म्हणणाऱ्या आयोजकाला आम्ही जाहीरपणे कारण विचारू.

सभासद व्हायला फी नाही. येत्या पावसाळ्याआधी तुमच्या जवळच्या एका गडावर किंवा टेकडीवर मोजपट्टी घेऊन जा. पायऱ्यांची उंची, दरवाज्यांची रुंदी, रेलिंग, कट्टे, पाणी, संडास हे सगळं जसं दिसेल तसं मराठीत लिहून काढा, फोटो जोडा आणि ते पान पायथ्याच्या ग्रामपंचायतीत, तुमच्या ट्रेक ग्रुपमध्ये लावा. जमलं तर आमच्यातल्या एकाला सोबत न्या. नाही जमलं तर पान तरी नक्की लिहा.