परदेशातील सेवा आणि दारातील रुग्ण

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि डॉक्टरांनी काही काळ गरीब देशांत जाऊन स्वेच्छेने रुग्णसेवा करावी, हा विचार ऐकताक्षणी कोणालाही उदात्त वाटेल. पाश्चात्त्य देशांत या विचाराचे रूपांतर आता एका रीतसर धंद्यात झाले आहे. विद्यार्थी एखाद्या मध्यस्थ कंपनीकडे पैसे भरतो, ती त्याला दोन-चार आठवड्यांसाठी आफ्रिकेतील किंवा आशियातील एखाद्या रुग्णालयात पाठवते, आणि परतताना त्याच्या हाती प्रमाणपत्र पडते. पुढील प्रवेशाच्या वा नोकरीच्या अर्जात त्या प्रमाणपत्राचे मोल असते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलामुलींनाही हा मार्ग अपरिचित राहिलेला नाही, आणि आपल्याकडील सुस्थितीतील कुटुंबांनाही त्याचे आकर्षण वाटू लागले आहे. म्हणून समाजवादी चळवळीने या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

आंतरराष्ट्रीय बंधुभाव हे आपल्या विचारसरणीचे एक मूलतत्त्व आहे. तेव्हा आधी घरचे पाहा आणि मग जगाचे, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही. महाराष्ट्रापुढे तर या बाबतीत एक असा आदर्श आहे की त्याची सर दुसऱ्या क्वचितच कोणाला येईल. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडून मदतीची हाक आली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या आणि जवाहरलालांच्या पुढाकाराने पाच डॉक्टरांचे पथक चीनला रवाना झाले. पथकाचे नेतृत्व डॉ. अटल यांच्याकडे होते. नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे त्यातील अन्य सदस्य. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून पदवी घेतलेल्या कोटणीसांचे वय त्या वेळी अठ्ठावीसही नव्हते. ते येनानला पोहोचले, आठव्या रूट आर्मीबरोबर आघाडीवर राहिले, चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शल्यक्रिया शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या रुग्णालयाचे ते १९४१ साली प्रमुख झाले. तेथेच त्यांनी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. चीनच्या राज्यव्यवस्थेविषयी आणि १९६२ च्या युद्धाविषयी कोणाचे मत काहीही असो, कोटणीसांच्या सेवेचे मोल त्याने उणावत नाही.

परंतु कोटणीसांचे नाव घेऊन आजच्या चार आठवड्यांच्या सफरींचे समर्थन करू पाहणाऱ्यांनी दोहोंतील भेद नीट पारखून घ्यावा. ते पथक निमंत्रणावरून गेले होते. लढणाऱ्या जनतेच्या नेत्यांनी डॉक्टर मागितले आणि पराधीन असलेल्या एका देशाच्या राष्ट्रीय चळवळीने ते पाठवले. जाणारे शिकाऊ विद्यार्थी नव्हते, पदवीधर डॉक्टर होते. कोटणीस तेथील भाषा शिकले. आणि ते गेले तेव्हा त्यांच्यामागे रुग्णालय राहिले, त्यांनी घडवलेले विद्यार्थी राहिले. निमंत्रण, पात्रता, भाषा आणि मागे उरणारी व्यवस्था या चार कसोट्या त्या एका उदाहरणातूनच हाती येतात. दया आणि बंधुभाव यांच्यातील अंतर या कसोट्यांवर मोजता येते. दयेला घेणाऱ्याची संमती लागत नाही, बंधुभावाला ती लागते.

आता या कसोट्या आजच्या व्यवहाराला लावून पाहू. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की ज्याच्या खिशातून पैसा येतो त्याच्या गरजेप्रमाणे माल घडतो. येथे पैसा विद्यार्थी देतो, म्हणजे गिऱ्हाईक तो आहे. त्याला हवा असतो अनुभव, आणि तो ज्या देहावर मिळवायचा तो देह असतो परक्या देशातील एका निर्धन रुग्णाचा. स्वतःच्या देशात ज्याला टाका घालण्याची परवानगी नाही, तो विद्यार्थी परक्या देशात प्रसूतीपर्यंतच्या गोष्टींत हात घालतो, अशी तक्रार पाश्चात्त्य वैद्यकीय वर्तुळांतूनच वारंवार झाली आहे. रुग्णाची भाषा त्याला येत नाही, आणि पुढच्या महिन्यात टाका पिकला तर तो पाहायला तो तेथे नसतो. स्थानिक परिचारिकेचा अर्धा दिवस त्याला सांभाळण्यात जातो तो वेगळाच. ज्या संस्था पात्र डॉक्टरांना दीर्घ मुदतीसाठी पाठवतात आणि स्थानिक सहकाऱ्यांच्या बरोबरीने काम करतात, त्यांना हा आक्षेप लागू नाही. १९७१ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेली 'सीमारहित डॉक्टर' ही संघटना त्यांपैकी एक. क्यूबाचे उदाहरणही ध्यानात घ्यावे. क्रांतीनंतर त्या देशातील सुमारे निम्मे डॉक्टर देश सोडून गेले होते, तरीही १९६३ साली नवस्वतंत्र अल्जीरियात त्याने आपले वैद्यकीय पथक धाडले. पुढे या पथकांतील डॉक्टरांच्या वेतनाचा मोठा हिस्सा सरकार ठेवून घेते, अशी टीका झाली आणि ती दुर्लक्षण्याजोगी नाही. परंतु तेथे मागणी एका राष्ट्राने केली होती आणि जबाबदारी दुसऱ्या राष्ट्राने उचलली होती, हा मुद्दा त्या टीकेने खोटा ठरत नाही.

येथवर वाचून आपल्या कार्यकर्त्यांना वाटेल की हा पाश्चात्त्यांचा दोष आहे, आपला त्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार दूरचा नाही. त्यासाठी कसाऱ्याची लोकल पकडून आसनगावला उतरले तरी पुरे.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके. ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी यांच्या पाड्यांनी ते भरलेले आहेत. कातकऱ्यांची गणना तर सरकारनेच विशेष असुरक्षित आदिम जमातींत केली आहे. दिवाळी झाली की त्यांची कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, आणि मुलांच्या लसी, गरोदर बायांच्या तपासण्या त्यांच्याबरोबर वाऱ्यावर जातात. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. मुंबईला पाणी पाजणाऱ्या सात जलाशयांतील जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा. त्याच तालुक्यातील पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात ओढा आडवा आला म्हणून बाळंतिणीला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या याच भागातून येतात. मुंबईहून येथे यायला लोकलला अडीच तास लागतात, पण मुंबईत शिकलेल्या डॉक्टरला हे अंतर नैरोबीपेक्षा लांबचे वाटते.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात आयुष्य घालवलेले समाजवादी डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली हा नियम मांडला होता. जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक तेथे ती सर्वांत कमी मिळते, आणि वैद्यकावर बाजाराची सत्ता जितकी अधिक तितका हा नियम अधिक कडक होतो, असे त्यांचे म्हणणे होते. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. २००० ते २०१९ या काळात भारतात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. यातील बहुतेक मृत्यू खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस वा फुरसे चावलेल्या भातलावणीच्या मजुराला प्रतिविषाची लस काही तासांत मिळाली तर त्याचे प्राण वाचण्याची शक्यता खूप वाढते. त्यासाठी पावसाळी रात्री उघडे असलेले आरोग्य केंद्र, शीतपेटीतील लस, ती देण्याचे धैर्य असलेला डॉक्टर आणि चालू स्थितीतील रुग्णवाहिका लागते. पाहुणा डॉक्टर कितीही सहृदय असला तरी यातील एकही गोष्ट आपल्याबरोबर आणू शकत नाही.

आणि येथेच आपल्या आरोग्य शिबिरांचाही हिशेब करावा लागतो. पुढाऱ्याचा वाढदिवस किंवा पक्षाचा वर्धापनदिन आला की मुंबई-ठाण्याहून डॉक्टरांची गाडी पाड्यावर येते. फलक लागतो, रक्तदाब मोजला जातो, जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात आणि सूर्यास्तापूर्वी गाडी परतते. या प्रथेला कोणताच पक्ष अपवाद नाही, आपलाही नाही. रक्तदाब वाढलेला आहे असे ज्या म्हातारीला त्या दिवशी कळले, तिला गोळी रोज आणि बहुधा आयुष्यभर घ्यायची असते. क्षयाचे औषध किमान सहा महिने चुकवता येत नाही. एका दिवसाचे शिबिर तिच्या पदरात फक्त चिंता टाकून जाते. निमंत्रण, पात्रता, भाषा आणि मागे उरणारी व्यवस्था या कसोट्यांवर केनियात गेलेला परदेशी विद्यार्थी नापास होत असेल, तर डोळखांबला किंवा टोकावड्याला गेलेले आपले शिबिर तरी कितपत उत्तीर्ण होते?

सेवा आणि स्वयंसेवा या शब्दांचा आणखी एक व्यवहार आहे आणि तो अधिक बोचणारा आहे. पाड्यापाड्यांवर घरोघर फिरून बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी, बाळाचे वजन घेणारी, क्षयरोग्याला गोळी देणारी स्त्री म्हणजे आशा. महाराष्ट्र शासनाच्या भाषेत ती 'आशा स्वयंसेविका'. ती स्वयंसेविका असल्यामुळे तिला वेतन नाही, मानधन आहे. नोकरी नाही, 'मोबदला' आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली देशातील आशांचा गौरव केला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच गौरवलेल्या स्त्रिया आपल्या मागण्यांसाठी शहापूरहून ठाण्यापर्यंत पायी चालत गेल्या आणि पुढे मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. धनिकाच्या मुलाची चार आठवड्यांची स्वयंसेवा त्याच्या भावी उत्पन्नात भर घालते, आणि कातकरी वाडीवरील स्त्रीची वर्षानुवर्षांची स्वयंसेवा तिच्या हक्काच्या वेतनाला कात्री लावते. एकाच शब्दाचे हे दोन भाव वर्गसमाजाने ठरवलेले आहेत. आंतरराष्ट्रीय सेवेवर चर्चा करण्यापूर्वी या शब्दाचा हा अप्रामाणिक वापर थांबवणे हे आपले काम आहे.

मग तरुण डॉक्टरांनी परदेशी जाऊच नये काय? आमचे उत्तर असे की, जरूर जावे, पण कोटणीस गेले तसे जावे. बोलावणे आले तर जावे, पदवी हातात असताना जावे, वर्ष-दोन वर्षे राहण्याच्या तयारीने जावे, आणि तेथील सार्वजनिक आरोग्ययंत्रणेच्या हाताखाली काम करावे. शिकण्यासाठी जायचे असेल तर शिकायला जातो आहोत असे स्वच्छ म्हणावे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली उभारलेल्या प्रकल्पात परदेशातून विद्यार्थी येत राहिले ते शिकण्यासाठी, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत खेड्यातल्या आरोग्यसेविका होत्या. विद्यार्थ्याची योग्य जागा तीच.

दुसरी गोष्ट कर्जफेडीची. शासकीय महाविद्यालयात डॉक्टर घडतो तो जनतेच्या पैशावर, आणि त्या जनतेत अप्रत्यक्ष कर भरणारा मुरबाडचा शेतमजूरही येतो. पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवा करण्याचे बंधन आपल्या राज्यात आहे, परंतु दंड भरून त्यातून मोकळे होण्याची वाट वर्षानुवर्षे उघडी राहिली. ऐपत असलेल्याला पैशाने फेडता येते ते कर्तव्य नव्हे, ते केवळ शुल्क. मात्र बंधन घालणाऱ्या सरकारनेही आपले कर्तव्य पार पाडावे. राहायला धड घर, औषधांचा साठा आणि सोबतीला पुरेशा परिचारिका नसलेल्या केंद्रात तरुण डॉक्टरला ढकलणे ही सेवा नव्हे, शिक्षा आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे, हे सांगणे अवघड नाही. आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांना एक उपकेंद्र हा सरकारचाच निकष आहे. आपल्या प्रत्येक शाखेने एक केंद्र आपले मानावे. तेथे मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रतिविषाच्या कुप्या किती, रात्री कोण असते, याचा तक्ता दर महिन्याला ग्रामसभेपुढे मांडावा. २००७ साली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम राज्यातील ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत ठाणे होता. जनसुनावणीत अधिकाऱ्यांना उत्तर द्यायला लावण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहे, तिच्या बैठका खऱ्या व्हाव्यात. पुढचा पाठपुरावा करण्याची हमी नसेल तर शिबिर भरवू नये. आणि आशांना वेतन व नोकरीचा दर्जा मिळावा, ही मागणी केवळ त्यांच्या संघटनेची न राहता आपली व्हावी.

कोटणीसांचा अंत झाला त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी, २ जानेवारी १९४३ रोजी, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोटवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी काढणारे वकील कोटवाल डोंगर सोडून गेले नाहीत, आणि डॉक्टर कोटणीस समुद्र ओलांडून गेले. त्या पिढीला या दोन वाटांत विरोध दिसला नाही, कारण दोन्ही वाटांवर आपण कोणाला उत्तरदायी आहोत हे तिला ठाऊक होते. आजच्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना आमचा प्रश्न एवढाच आहे: तुमच्या सेवेचा जाब विचारण्याचा अधिकार त्या सेवेच्या रुग्णाला आहे काय? तो असेल तर शहापूर काय आणि सुदान काय, दोन्ही सारखेच आपले. नसेल, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आणि शिबिराचा फलक रंगवण्यापूर्वी तो अधिकार त्याला मिळवून देण्याच्या कामाला लागावे.