खड्ड्याचा हिशोब कोण देणार?

साथींनो, पुण्याच्या इमारतींसाठी वाघोलीचे डोंगर फोडले. खडी गेली, खड्डे राहिले. 2021 साली गाव महापालिकेत गेलं, जमिनीला सोन्याचा भाव आला. पण खाणीच्या खड्ड्यात काय पडलंय, ते बांधकामाआधी तपासणार कोण? आज वाघोली, उद्या आपला डोंगर.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढले. ज्याने विष टाकलं त्यानेच सफाईचा खर्च भरायचा, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण खाणकामाची आणि कचरा डेपोची घाण नियमांतून वगळली! म्हणजे गरिबाच्या दारात असते नेमकी तीच. दुसरं विष त्यात मिसळून मर्यादेबाहेर गेलं, तरच नियम लागू. ते सिद्ध कोणी करायचं, आपण?

संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. तिची वाट बघत बसू नका. वनहक्क कायदा 2006, कलम 5 प्रमाणे पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. ठराव करा, गट नंबर लिहा, जिल्हाधिकारी कचेरीत द्या, पोच घ्या.

आमची मागणी सरळ आहे: खाणीला सूट नको. ग्रामसभेच्या संमतीशिवाय सफाईचा आराखडा नको, नंतरचं बांधकामही नको. खड्डा त्यांनी केला, हिशोबही त्यांनीच द्यावा!