मशीन शिकणार, पण कुणाच्या वहीतून?



प्रगती आणि प्रदूषण यांचं नातं हल्ली मशीन लर्निंगने शोधतात. म्हणजे कॉम्प्युटरला वर्षानुवर्षांचे आकडे द्यायचे आणि काय कशाबरोबर वाढतं-घटतं ते त्याने हुडकायचं. काम चांगलंच आहे. पण आम्हाला एक धास्ती वाटते.

१९९१ साली ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी शहरांच्या हवेचे आकडे तपासले. उत्पन्न वाढतं तसा आधी धूर आणि सल्फर वाढतो, पुढे श्रीमंती आली की कमी होतो, असं त्यांना दिसलं. तेव्हापासून "आधी कमवा, मग साफ करा" म्हणणारे पुष्कळ झाले. अहो, पण तो हिशेब हवेचा! नदीच्या तळातल्या तिसऱ्यांचा नव्हे.

आपल्या गोव्याचंच बघा. मांडवी-जुवारीतून खनिजाचे बार्ज चालायचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पैसा किती बुडाला ते कागदावर आहे. पण त्या वर्षांत तिसऱ्या, शिनाणे, शेवटे वाढले की घटले? आम्ही सोसायटीचं दप्तर काढलं. डिझेलची वही चोख, मासळीची अर्धी कोरी. इथे दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आपलाच.

कोरी जागा मशीनला कळत नाही. अर्धवट लिहिलं तर उलटंच शिकेल. जून-जुलैत नदी गढूळ असते आणि त्याच ६१ दिवसांत आपले ट्रॉलर बंदीमुळे बांधलेले असतात. वहीत 'बंदी' लिहिलं नाही तर मशीन म्हणेल, पाणी लाल म्हणून मासळी शून्य. आणि ज्यांची होडी जेटीला न लागता मासळी थेट गिऱ्हाइकाकडे जाते, ते तर या हिशेबात जन्मलेलेच नाहीत.

म्हणून १ ऑगस्टपासून मासळीची वही डिझेलच्या काउंटरवरच ठेवतोय. तारीख, जागा, जाळं, किती किलो, जाळ्याला तेल-डांबर लागलं का, आणि बाहेर गेला नसाल तर का नाही, एवढं लिहा. रापणकारांनीही लिहावं. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी तोंडी सांगा, आम्ही उतरवून घेऊ. आणि कृपा करून वजन कमी सांगू नका, ही वही टॅक्ससाठी नाही.

– सचिव