उदगीरच्या उन्हाला कामाला लावा

उदगीरच्या उन्हाला आपण वर्षानुवर्षे नावे ठेवत आलो. आता त्याच्याकडून काम करून घेण्याची वेळ आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घराच्या छतावर 3 किलोवॉटचा सौर संच बसवल्यास 78 हजार रुपये अनुदान मिळते. असा संच महिन्याला साधारण 300 युनिट वीज देतो. पॅनेलवरची धूळ मात्र वेळोवेळी पुसावी लागते.

ज्यांना स्वतःचे छत नाही, त्यांनी बचतीपासून सुरुवात करावी. जुना पंखा 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॉटवर भागवतो. घरांप्रमाणेच शहरातल्या डाळ मिलनाही ऊन वापरता येईल. मिलचे काम दिवसा चालते आणि ऊनही दिवसाच असते. मिलमालकांनी हा हिशेब मांडून पाहावा.

उन्हासारखाच कचराही कामाला लावता येतो. घंटागाडीत भाजीच्या देठांसोबत टाकलेला पुठ्ठा भिजतो आणि भंगारवालाही तो घेत नाही. घरात ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवले, तर तोच पुठ्ठा पुन्हा कारखान्यात जाईल.

नगरपरिषदेने आपल्या इमारती आणि शाळांपासून सौरऊर्जेचा धडा घालून द्यावा. महावितरणने गल्लोगल्ली शिबिरे घेऊन अर्ज भरून घ्यावेत. योजना कागदावर आहे. ती उदगीरच्या छतांवर दिसली पाहिजे.