बारसे नाही, तेरावेही नाही

घरातले वडीलधारे माणूस गेले की गाव दारात येते. तेरा दिवस ते घर एकटे पडत नाही. पण मूल पोटातच गेले, किंवा जन्मल्यावर चार दिवसांत दगावले, तर? त्याचे बारसे नाही, तेरावेही नाही. इवलासा देह गुपचूप पुरला जातो आणि 'दुसरे होईल' एवढ्यावर बाळंतिणीची समजूत घातली जाते. चांदूर बाजारच्या शिवारात निंदणाला जाणाऱ्या किती बायकांनी हे दुःख पदराआड ठेवले असेल!

सरकारला हे मृत्यू ठाऊक नाहीत, असे नव्हे. परतवाड्यापलीकडे डोंगर चढला की मेळघाट लागतो. १९९३ साली तिथले बालमृत्यू देशभर गाजले, प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हापासून आकड्यांवर वाद झडत आले आहेत. आकडे मोजलेच पाहिजेत. परंतु आकड्यामागच्या आईची विचारपूस कोणी करायची?

आपला १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा याबाबतीत समाजापेक्षा उदार आहे. त्याच्या व्याख्येत मृतजन्म हाही 'जन्म'च आहे आणि त्याची नोंद करावी लागते. मात्र ती नोंद दप्तरात राहते. आईबापांच्या हाती सहसा काही पडत नाही. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून, २४ आठवड्यांच्या आत गर्भ गमावलेल्या पालकांनाही मागितल्यास सरकारी प्रमाणपत्र मिळते. सक्ती नाही; हवे त्याने घ्यावे.

आपल्याकडेही पाऊल पडले आहे. मूल मृत जन्मले किंवा जन्मताच दगावले, तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. सप्टेंबर २०२२ चा तो आदेश म्हणजे या दुःखाची सरकारी कबुलीच होय. मग रोजंदारीवर राबणाऱ्या बाईचे दुःख काय कमी दिवसांचे असते?

कोणी म्हणेल, कागदाने मूल परत येते का? नाही येत. आधी बाळे वाचवा, हेही खरेच. पण वाचवणे आणि सांत्वन करणे यांत वैर नाही. मागेल त्या आईबापांना मृतजन्माचा दाखला द्यावा, त्यावर नाव लिहू द्यावे. बाळंतपणानंतर बाळासाठी घरी येणाऱ्या आशाताईंच्या भेटी, बाळ गेले तरी आईसाठी चालू राहाव्यात. मजूर बाईला त्या दिवसांची मजुरी मिळावी.

आणि शेजारपाजाऱ्यांनी? 'दुसरे होईल' म्हणण्याआधी घटकाभर त्या माउलीजवळ बसावे. बाळाचे नाव काय ठेवणार होतीस, एवढे तरी विचारावे.